पडद्यासमोरचे झीलकरी

कॉन्सर्ट फिल्म म्हणजे एखाद्या गायकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या जाहीर कार्यक्रमाचे, तो रंगात आलेला असतानाच अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेले आणि पुढे संकलनाच्या खोलीत नव्याने जुळवलेले चित्रण. ते कथापटासारखेच तिकीट लावून मोठ्या पडद्यावर दाखवले जाते. त्याला कथानक नसते, नायक-खलनायक नसतात, आणि पुढे काय होणार याची उत्कंठाही बहुधा नसते, कारण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला त्यातली बहुतेक गाणी आधीच पाठ असतात. अशा प्रेक्षकाने चित्रपटगृहात का यावे, आणि आल्यावर अंधारात गप्प बसावे की उठून गाण्यात सामील व्हावे, हा प्रश्न सगळ्याच कॉन्सर्ट फिल्मबाबत पडतो. हिप-हॉपच्या बाबतीत मात्र तो अधिक टोकदार होतो, कारण तेथे समोरच्या समुदायाचा प्रतिसाद हा रचनेचाच भाग असतो. नाशिकमध्ये तो तपासून पाहण्यास विशेष कारण आहे. भारतीय चित्रपटाचे बालपण ज्या गावात गेले, ज्या जिल्ह्याने आंबेडकरी गीतपरंपरेला तिचे मोठे गायक दिले आणि ज्या शहराचे नाव एका ढोलाला मिळाले, तेथे पडद्यावरचा रॅपर जेव्हा समोरच्यांना साद घालतो, तेव्हा ती ऐकणाऱ्या कानांना सादेला ओ देण्याची जुनी सवय असते.

हिप-हॉपचा उगम न्यू यॉर्कच्या ब्राँक्स या विभागात सांगितला जातो आणि त्याची जन्मतारीख म्हणून ११ ऑगस्ट १९७३ हा दिवस मानला जातो. त्या दिवशी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत झालेल्या एका पार्टीत, जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क हा तबकड्या वाजवीत होता. गाण्यातील गायन थांबून केवळ तालवाद्ये वाजतात तो तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवून हवा तेवढा लांबवण्याची रीत हर्कने रूढ केली, आणि त्या लांबलेल्या तालावर नाचणारे, त्यावर बोलणारे आणि भिंती रंगवणारे अशा तरुणांची मिळून ही संस्कृती घडली. बोलणारा तो ‘एमसी’. हा शब्द मुळात सूत्रसंचालकासाठीचा, पण सूत्रसंचालकाची तालावरची बडबड हळूहळू यमकांत बांधली गेली आणि तिलाच रॅप हे नाव मिळाले. चार ठोक्यांच्या एका आवर्तनाला रॅपर ‘बार’ म्हणतात, त्या आवर्तनांवर शब्द कसे सोडले, कुठे रोखले आणि कुठे ठोक्याच्या किंचित मागे ठेवले याला ‘फ्लो’ म्हणतात, आणि वर्तुळात उभे राहून एकामागून एकाने रचना पुढे नेण्याच्या बैठकीला ‘सायफर’ म्हणतात.

या साऱ्या शब्दांपैकी चित्रपटगृहाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हाइपमॅन’ हा आहे. मुख्य रॅपरच्या बाजूला दुसरा माइक घेऊन उभा असलेला हा साथीदार ओळीच्या शेवटचा शब्द उचलतो, तो दुप्पट जोराने परत फेकतो, रॅपरला श्वास घ्यायला उसंत देतो आणि समोरच्या गर्दीला कोठे ओरडायचे हे दाखवून देतो. मराठी वाचकाला त्याची ओळख करून देणे अवघड नाही, कारण पोवाडा, गोंधळ आणि तमाशा यांत हेच काम झीलकरी करीत आला आहे. शाहिराने ओळ सोडायची आणि झीलकऱ्याने तिचे शेपूट धरून सूर ताणायचा, कीर्तनात बुवांनी अभंगाचे चरण मांडायचे आणि मागच्या टाळकऱ्यांनी धृपद उचलून धरायचे, या व्यवस्थेत मुख्य गायक कधीही एकटा पडत नाही. शिवाय झीलकऱ्याचे स्थान मंचाच्या आणि श्रोत्यांच्या मधोमध असते. त्याचा आवाज ऐकून समोरच्या माणसाला आपणही हे म्हणू शकतो असा धीर येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत सगळी बैठकच झील धरू लागते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे विधान अलीकडे फार सहज केले जाते आणि ते ऐकायला सुखद असले तरी दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. पोवाडा प्रायः दुसऱ्याच्या पराक्रमाचे आख्यान असतो, रॅपर बहुतेकदा स्वतःच्या गल्लीचे, स्वतःच्या अपमानाचे आणि स्वतःच्या हिमतीचे बोलतो; आणि ब्राँक्समधील कृष्णवर्णीय व लॅटिन तरुणांची दारिद्र्यातून व उपेक्षेतून आलेली अभिव्यक्ती कुठल्याही मराठी रचनाप्रकाराची नक्कल ठरत नाही. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ यावर लावण्यांतून झगडणाऱ्या कलगी-तुऱ्याच्या फडांत आणि रॅपर एकमेकांना यमकांत हरवू पाहतात त्या ‘बॅटल’मध्ये साम्य दिसते, पण तेही वरवरचे आहे. खरे साम्य रचनेपेक्षा ऐकणाऱ्याच्या भूमिकेत आहे: दोन्हीकडे श्रोता ऐकता ऐकता साथीला बसतो.

नाशिकचा चित्रपटाशी असलेला संबंध या भूमिकेच्या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात प्रेक्षकांपुढे आणला आणि त्याच वर्षी आपला मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’पासूनची त्यांची निर्मिती येथे झाली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही येथेच झाले. त्या काळचे चित्रपट मुके होते, परंतु त्यांचे खेळ मुके नव्हते. पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन वादक बसत, दृश्य पाहून सूर धरत आणि प्रेक्षकांच्या कलाप्रमाणे लय वाढवत. म्हणजे चित्र फितीवर आधीच ठरलेले असे आणि संगीत दर खेळाला नव्याने जन्म घेई. कॉन्सर्ट फिल्मने ही मांडणी बरोबर उलटी केली आहे. तिच्यात संगीत ठरलेले, गोठलेले असते, आणि सभागृहात जिवंत म्हणण्यासारखे जे काही उरते ते प्रेक्षकांच्या खुर्च्यांत असते. फाळक्यांच्या खेळात पेटीवाल्याची जी जागा होती, ती आज तिकीट काढून आलेल्या पोरापोरींकडे आली आहे.

चित्रपटाला नाशिकने दिलेले हे योगदान सर्वज्ञात आहे. गायकाच्या सादेला उत्तर देण्याची जी शिकवण या जिल्ह्याने दिली तिची मात्र तेवढी आठवण ठेवली जात नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह नाशिकमध्ये सुरू झाला, आणि त्याच दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी जलशाच्या माध्यमातून, म्हणजे गाणे, सवाल-जवाब आणि छोटी नाट्ये यांच्या मिश्रणातून, चळवळीचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत नेला. पुढे १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादा कर्डकांनी ही परंपरा एका आयुष्यात मावणार नाही एवढी वाढवली. मोठेपणी अक्षरे शिकलेल्या या माणसाने हजारो गीते रचली आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत महाराष्ट्रभर गावोगावी ती गायली. त्यांच्या गीतांचे धृपद छोटे, बोलीतले आणि एकदा ऐकताच तोंडी बसणारे असे, कारण ते समोरच्या वस्तीने उचलावे यासाठीच घडवलेले असे. एखाद्या रॅपरच्या ‘हुक’ची, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या आणि गर्दीने म्हणायच्या ओळीची, कारागिरी नेमकी हीच असते.

अशा जिवंत देवघेवीचे चित्रण करायचे म्हटले की कॅमेरा कोठे ठेवायचा हा पेच उभा राहतो, आणि हिप-हॉपच्या चित्रपटांनी त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. चार्ली अहर्न यांच्या १९८३ च्या ‘वाइल्ड स्टाइल’मध्ये कथा नावापुरती आहे, ब्राँक्समधले खरे डीजे, एमसी आणि भिंती रंगवणारे स्वतःच पडद्यावर येतात आणि चित्रपटाचा शेवट एका खुल्या रंगमंचावरील कार्यक्रमात होतो. जे-झी याचा नोव्हेंबर २००३ मधील मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा कार्यक्रम ‘फेड टू ब्लॅक’ या नावाने पुढच्या वर्षी चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्यात मंचावरील गाण्यांच्या मधे ती गाणी ध्वनिमुद्रणगृहात कशी घडली याची दृश्ये गुंफली होती. बीस्टी बॉइज या गटाने ऑक्टोबर २००४ मध्ये त्याच सभागृहात याहून धाडसी प्रयोग केला: पन्नास प्रेक्षकांच्या हाती साधे व्हिडिओ कॅमेरे दिले आणि कार्यक्रम संपेपर्यंत चित्रण थांबवू नका एवढेच सांगितले, आणि त्या हलत्या, धुरकट, कधी पुढच्याच्या खांद्याने अडलेल्या दृश्यांतून पूर्ण लांबीचा चित्रपट रचला. त्याच सुमारास ब्रुकलिनच्या एका रस्त्यावर विनोदकार डेव्ह शॅपेल यांनी भरवलेल्या सोहळ्याचे चित्रण मिशेल गाँड्री यांनी केले. २००६ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटात ओहायोतील एका महाविद्यालयाचे वाजंत्री पथक बसगाड्यांतून न्यू यॉर्कला येते आणि रस्त्यावरून वाजत जाते, ते दृश्य ढोल पथकांच्या शहरातील प्रेक्षकाला परके वाटू नये.

मराठी पडद्यानेही या पेचाला दोन समर्थ उत्तरे दिली आहेत, आणि त्यांना कॉन्सर्ट फिल्म म्हणत नसले तरी ती येथे दुर्लक्षून चालणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये वीरा साथीदार यांनी साकारलेला लोकशाहीर नारायण कांबळे वस्तीतल्या मंचावर संभाजी भगत यांची रचना गातो, तेव्हा कॅमेरा दूर, प्रेक्षकांच्या मागे स्थिर उभा राहतो, शाहिराचा चेहरा जवळून दिसत नाही, पण त्याच्या भोवतीचे साथीदार, समोरच्या खुर्च्या आणि मधले अंतर हे सारे एकाच चौकटीत दिसते. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा सव्वातीन तासांहून लांब माहितीपट १९९७ च्या रमाबाई नगरातील गोळीबारापासून आणि त्यानंतर जीवन संपवलेल्या विलास घोगरे या शाहिरापासून सुरू होतो आणि गाणाऱ्या माणसांच्या मागोमाग वर्षानुवर्षे चालत राहतो. तो वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवला गेला. ज्यांची गाणी त्यांच्याच पुढे, आणि पडद्यावरच्या झीलकऱ्याला उत्तर देण्यासाठी लागणारी ओळ ज्यांना जन्मापासून पाठ आहे अशांच्या गर्दीत. हिप-हॉपच्या चित्रपटाला हवा असलेला प्रेक्षक याहून वेगळा नसतो.

याउलट बहुपडदा चित्रपटगृहाची रचना असा प्रेक्षक मनात धरून झालेली नाही. विजयानंद, चित्रमंदिर, सर्कल, मधुकर, हेमलता ही नावे नाशिककरांच्या पिढ्यांच्या बोलण्यात आहेत, आणि त्या एकपडदा चित्रपटगृहांत पुढच्या रांगांच्या आणि पडद्याच्या मधे नाचायला पुरेल एवढी जागा असे. २०१६ च्या एप्रिलअखेर ‘सैराट’ प्रदर्शित झाला तेव्हा अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’ लागताच महाराष्ट्रभर याच जागेत पोरे उतरली. मॉलमधल्या सभागृहात ती जागा अरुंद झाली, खुर्च्या रुंद झाल्या, त्यांना पेले ठेवण्याचे खळगे आले आणि प्रेक्षक आपापल्या खळग्यात वेगळा पडला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत २००३ पासून खेळाआधी राष्ट्रगीत लावले जाते, आणि साऱ्या सभागृहाने एका वेळी उभे राहून एकच गीत म्हणावे असा तो बहुधा एकमेव क्षण उरला आहे. ते संपल्यावर सगळे बसतात आणि पुन्हा उठायचे की नाही हे कोणी सांगत नाही.

तरीही हिप-हॉपला अशा सभागृहाची गरज आहे, आणि त्याचे कारण ध्वनीत आहे. नाशिकचा तरुण रॅप ऐकतो तो बहुतेक वेळा फोनवर, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, वाजवताच येत नाहीत. हिप-हॉपचा मात्र पायाच खर्जाचा आहे. १९८० मध्ये बाजारात आलेल्या रोलँड टीआर-८०८ या जपानी तालयंत्राचा खोल, लांब घुमणारा ठोका या संगीताने आपलासा केला. सेकंदाला पन्नासच्या आसपास कंपने असलेला तो नाद कानापेक्षा छातीला आधी कळतो. चित्रपटगृहातील ५.१ ध्वनिव्यवस्थेत पाच वाहिन्या दिशांसाठी असतात आणि उरलेली एक, जिला पॉइंट वन म्हणतात, ती केवळ १२० कंपनांखालच्या या खर्जासाठी राखलेली असते. ती वाहिनी नीट जुळवलेली असेल तर खुर्चीच्या पाठीतून ठोका अंगात शिरतो, आणि फोनवर शंभरदा ऐकलेल्या गाण्याखाली आणखी एक गाणे होते हे श्रोत्याला प्रथमच उमगते.

नाशिककराला मात्र या अनुभवाचे शिक्षण आधीच मिळालेले असते. वाकडी बारवेपासून निघणारी गणेश विसर्जनाची मिरवणूक मेनरोडच्या अरुंद भागात येते आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींत ढोलांचा आवाज कोंडतो, तेव्हा टिपरूचा घाव ढोलाच्या पानावर पडतो आणि दणका रस्त्याकडेला उभ्या असलेल्याच्या बरगडीत उठतो. ‘नाशिक ढोल’ हे नाव केरळपासून कर्नाटकच्या किनाऱ्यापर्यंत मिरवणुकांत घेतले जाते ते याच दणक्यामुळे. मिरवणुकीत कोणी फार काळ केवळ पाहणारा राहत नाही. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या हौदाच्या, काठावर उभ्या राहिलेल्यानेही अखेरीस रंगीत पाण्यात धप्पा मारायचाच असतो. ज्या शहरात सार्वजनिक आनंदाची रीत अशी आहे, तेथील प्रेक्षक कॉन्सर्ट फिल्मला शांत बसला तर तो त्याचा स्वभाव नसून सभागृहाचा दरारा असतो.

हा दरारा इतरत्र मोडला गेला आहे. टेलर स्विफ्ट या गायिकेचा ‘द एराज टूर’ हा चित्रपट ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत आणि ३ नोव्हेंबरला भारतात आला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून गावे हे गृहीतच धरलेले होते, आणि जगभरातील तिकीटविक्रीतून त्याने २६ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. कोरियातील बीटीएस या गटाच्या कार्यक्रमांचे चित्रपट भारतातील बहुपडदा चित्रपटगृहांत २०१९ पासून लागत आले आहेत. त्याच गटातील रॅपर शुगा याच्या, ऑगस्ट डी या नावाने केलेल्या दौऱ्याचा चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये आला, आणि त्याचे चाहते चकाकणाऱ्या कांड्या हातात घेऊन पडद्यापुढे बसतात. ज्या शहरांत हे कलावंत कधी पाऊल ठेवणार नाहीत तेथे हा चित्रपटच कार्यक्रमाची जागा घेतो, आणि मुंबई सुमारे १६५ किलोमीटरवर असूनही मोठ्या कार्यक्रमाचे तिकीट, जाणे-येणे आणि रात्रीचा मुक्काम परवडत नसलेल्या नाशिकच्या विद्यार्थ्यासाठी ही जागा लहान नाही.

उत्साहाला मर्यादा हवी हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावातील एका चित्रपटगृहात ‘टायगर ३’ चालू असताना प्रेक्षकांनी आत फटाके फोडले, धावपळ झाली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. बंद सभागृहात आग म्हणजे मृत्यूला आमंत्रण आहे आणि त्याचे समर्थन कोणत्याही सिनेमाप्रेमाने होऊ शकत नाही. परंतु फटाके आणि टाळ्या यांना एकाच मापाने मोजून प्रेक्षकाला खुर्चीला खिळवणे हेही चूक आहे. आठवड्यातून एक खेळ उभे राहून पाहण्याचा म्हणून जाहीर करावा, मधल्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात आणि ज्यांना शांतपणे पाहायचे आहे त्यांना दुसऱ्या वेळी यावे असे आधीच सांगावे, एवढे चित्रपटगृहाला सहज करता येण्यासारखे आहे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झालेल्या झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’ने मुंबईच्या गल्लीतला रॅप घराघरांत नेला, त्यामागे डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांच्या आयुष्याची प्रेरणा होती. त्यातील काही शिव्या प्रमाणन मंडळाने बदलायला लावल्या. कथापटात एखादा शब्द पुसला गेला तर संवादाचा अर्थ बहुधा टिकतो, पण रॅपमध्ये प्रत्येक अक्षर ठोक्याला बांधलेले असते आणि पुसलेला शब्द म्हणजे आवर्तनातली गळालेली मात्रा; फ्लो तेथे लंगडतो. मात्र ज्याला ओळ पाठ आहे तो श्रोता ती मात्रा मनात भरून काढतो, आणि सभागृहात असे शंभर श्रोते असतील तर रिकामी जागा त्यांच्या आवाजाने भरते.

मराठी रॅपची वाट अद्याप मुख्यतः यूट्यूबवरून जाते. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटातील एमसी मवाली मराठीतून रॅप करतो, आणि या गटाने २०१९ मध्ये आरे जंगलातील आदिवासी गायक प्रकाश भोईर यांच्यासह केलेले ‘द वारली रिव्होल्ट’ जमिनीचा आणि जंगलाचा हक्क मागते. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ऊर्फ १०० आरबीएच वऱ्हाडी बोलीचा ठसका घेऊन दूरचित्रवाणीवरील स्पर्धेपर्यंत पोहोचला. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत वारली वस्त्या असलेल्या नाशिक जिल्ह्याला ही गाणी दूरची नाहीत. अशा रॅपरांचा एखादा कार्यक्रम चार-सहा कॅमेऱ्यांनी, मंचावरील प्रत्येक माइक आणि गर्दीचा आवाज वेगवेगळा टिपून, मोठ्या पडद्यासाठी चित्रित व्हावा ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी लागणारी साधने आता लग्नाचे चित्रण करणाऱ्यांकडेही असतात.

ते काम हाती घेणाऱ्या ध्वनिसंयोजकापुढे शेवटी एक बारीक निर्णय उभा राहील. रॅपर ओळ अर्धी सोडून माइक गर्दीकडे वळवतो तेव्हा चित्रित गर्दी तिचे उत्तर देते, आणि ते उत्तर मिश्रणात किती मोठे ठेवायचे हे संयोजकाच्या बोटांवर असते. ते फार मोठे ठेवले तर सभागृहातल्या प्रेक्षकाला आपल्या वतीने कोणी आधीच बोलून गेल्यासारखे वाटते आणि तो गप्प राहतो. अगदी काढून टाकले तर मंगळवारच्या दुपारच्या खेळाला आलेल्या दहा-बारा जणांपुढे रॅपर एकाकी, ओशाळा भासतो. जाणते संयोजक म्हणून गर्दीचा आवाज मागच्या आणि बाजूच्या स्पीकरांत ठेवतात आणि पडद्याकडची बाजू त्या चार ठोक्यांपुरती मोकळी सोडतात. अंधारात बसलेल्याच्या पाठीमागून झील येते, समोर रॅपर माइक पुढे धरून थांबलेला असतो, आणि ते चार ठोके सभागृहाचे असतात.